सापकांदा

सापकांदा (शास्त्रीय नाव: ॲरिसिमा मरेयी) ही सह्याद्रीच्या जंगलांत सावलीला वाढणारी, कंद असलेली बहुवर्षायू रानवनस्पती आहे. तिचा समावेश ॲरेसी म्हणजेच सूरण कुलात होतो. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येणारा, नागाने फणा काढल्यासारखा दिसणारा तिचा पांढरा फुलोरा पदभ्रमण करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्याला सामान्यतः फूल म्हटले जाते, तो प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचा समूह व त्याभोवतीचे एक रूपांतरित पान यांचा मिळून झालेला असतो.

सापकांदा ज्या प्रजातीत मोडतो त्या प्रजातीचे परागीभवन वनस्पतिशास्त्रात विशेष अभ्यासले गेले आहे. या वनस्पती कीटकांना मध देत नाहीत. गंधाने भुलवून त्यांना नळीसारख्या सापळ्यात उतरवतात. नर फुलोऱ्याच्या सापळ्याला तळाशी बाहेर पडण्याची एक लहान वाट असते. मादी फुलोऱ्याला ती नसते आणि आत शिरलेला कीटक बहुधा तेथेच मरतो. शिवाय एकच झाड एखाद्या वर्षी नर, तर पुढे मादी होऊ शकते. त्याचे लिंग त्याच्या कंदात साठलेल्या अन्नावर अवलंबून असते.

नाव

‘सापकांदा’ हे नाव वनस्पतीच्या दोन ठळक लक्षणांवरून पडले आहे. फुलोऱ्यावरील आवरण नागाच्या फण्यासारखे पुढे झुकलेले असते आणि जमिनीखाली कांद्यासारखा गोलसर कंद असतो. याच प्रजातीतील काही जातींच्या देठावर सापाच्या कातडीसारखे ठिपके व पट्टेही असतात. इंग्रजीतील ‘कोब्रा लिली’ हे नावही फण्याच्या साम्यावरूनच आले आहे. मात्र लिलीच्या कुलाशी या वनस्पतीचा संबंध नाही. महाराष्ट्रात ‘सापकांदा’ किंवा ‘सापाचा कांदा’ हे नाव केवळ एका जातीसाठी वापरले जात नाही. ॲरिसिमा प्रजातीतील फणाधारी फुलोऱ्याच्या इतर जातींनाही लोक याच नावाने ओळखतात.

‘ॲरिसिमा’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याच्या दुसऱ्या पदाचा अर्थ ‘रक्त’ असा होतो. काही जातींच्या अंगावरील लालसर डागांशी त्याचा संबंध जोडला जातो. ही प्रजाती जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख फिलिप फॉन मार्टियस यांनी १८३१ मध्ये स्थापन केली. सह्याद्रीतील या जातीचा उल्लेख जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींच्या १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत ‘एरम’ या प्रजातीखाली केला होता. पुढे हुकर यांनी तिला ॲरिसिमा प्रजातीत स्थान दिले.

वर्गीकरण व आढळ

ॲरिसिमा प्रजातीत सुमारे २०० जाती आहेत. हिमालय, चीन व जपान या पट्ट्यात त्यांची संख्या सर्वाधिक आहे. भारतीय द्वीपकल्प, आग्नेय आशिया, अरबी द्वीपकल्पाचा काही भाग, पूर्व आफ्रिका आणि उत्तर अमेरिका येथेही काही जाती आढळतात. उत्तर अमेरिकेतील ‘जॅक-इन-द-पल्पिट’ (ॲरिसिमा ट्रायफिलम) ही तेथील जंगलांत वसंत ऋतूत फुलणारी सुपरिचित जाती असून लिंगबदलाविषयीचे बरेच संशोधन तिच्यावर झाले आहे.

सापकांदा ही पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ जाती आहे, म्हणजे निसर्गतः ती या पर्वतरांगेबाहेर आढळत नाही. महाबळेश्वर, कास, भीमाशंकर, आंबोली अशा भरपूर पावसाच्या प्रदेशांत ती झाडांच्या सावलीत, झुडपांच्या कडेने, खडकांच्या आडोशाला आणि पठारांच्या सीमेवरील झाडीत दिसते. कुजलेल्या पानांचा थर, ओलसर पण पाणी साचून न राहणारी माती आणि पसरट सावली तिला मानवते.

महाराष्ट्रात या प्रजातीच्या अन्य जातीही आहेत. त्यांपैकी ॲरिसिमा टॉर्टुओसम ही जाती हिमालयातही आढळते. तिचा फुलोरा हिरवा असून त्यातून चाबकासारखे लांब, वळणदार टोक बाहेर येते. ॲरिसिमा सह्याद्रिकम या जातीच्या नावातच सह्याद्रीचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिचे वर्णन केले.

स्वयंपाकघरातील काही ओळखीच्या वनस्पती सापकांद्याच्याच कुलातील आहेत. अळू, सूरण आणि पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगड भागांत भाजीसाठी विकले जाणारे शेवळ ही त्यांची उदाहरणे होत. शेवळाच्या भाजीत खाजरेपणा मारण्यासाठी काकडाची फळे घालतात आणि अळवाला चिंच लावतात. खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक हे या साऱ्या कुलाचे लक्षण आहे.

वर्णन

सापकांद्याचा कंद चपटा-गोलसर असतो. त्याच्या वरच्या बाजूने मुळे फुटतात आणि मध्यावरील अंकुरातून फुलोरा व पान वर येते. बाहेर दिसणारे ‘खोड’ हे खरे खोड नसते. पानाचा देठ व त्याला वेढणारी आवरणे एकमेकांत गुंडाळली जाऊन ते बनलेले असते, म्हणून त्याला आभासी खोड म्हणतात. पान बहुधा एकच असते. देठाच्या टोकाशी पाच ते अकरा पर्णिका छत्रीच्या काड्यांप्रमाणे चहूबाजूंना पसरलेल्या असतात. फुलोरा बहुधा पान उलगडण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास उमलतो.

फुलोऱ्याचे दोन मुख्य भाग असतात. मध्यभागी उभा असणारा जाडसर दांडा म्हणजे स्थूलकणिश आणि त्याला वेढणारे रूपांतरित पान म्हणजे महाछद. महाछदाच्या खालच्या भागाच्या कडा एकमेकींवर येऊन त्याची नळी होते. वरचा भाग रुंद होऊन फण्यासारखा पुढे वाकतो. सापकांद्यात नळी हिरवट, तर फणा पांढरा असतो. नळीच्या तोंडापाशी, फण्याच्या तळाला जांभळी छटा असते. फण्यामुळे नळीत थेट पावसाचे पाणी शिरत नाही. जून-जुलैच्या धुवाधार पावसात फुलणाऱ्या वनस्पतीला हे छप्पर उपयोगी पडते.

खरी फुले स्थूलकणिशाच्या खालच्या भागावर, नळीच्या आत दडलेली असतात. त्यांना पाकळ्या नसतात. नर फूल म्हणजे आखूड देठावरील काही परागकोश, तर मादी फूल म्हणजे एक हिरवा अंडाशय व त्याच्या टोकावरील कुक्षी. सापकांद्यात नर व मादी फुलोरे वेगवेगळ्या झाडांवर येतात. स्थूलकणिशाच्या वरच्या भागावर फुले नसतात. तो भाग निमुळता होत नळीच्या तोंडाकडे जातो व त्याला उपांग म्हणतात. फुले नसली तरी परागीभवनात उपांगाचे काम महत्त्वाचे असते, कारण कीटकांना खेचणारा गंध प्रामुख्याने तेथून बाहेर पडतो.

वर्षचक्र

वर्षातील बराच काळ सापकांदा जमिनीवर दिसत नाही. हिवाळा व उन्हाळा तो कंदाच्या रूपाने मातीत सुप्त राहतो. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडल्या किंवा जूनमध्ये मोसमी पाऊस सुरू झाला की अंकुर वर येतो. पान अद्याप पुरते पसरलेले नसताना फुलोरा उभा राहतो. त्यासाठी लागणारे अन्न मागील पावसाळ्यात कंदात साठवलेले असते. त्यानंतर पसरलेले पान पावसाळाभर अन्न तयार करते. परागीभवन झालेल्या मादी फुलोऱ्याचा महाछद सुकून गळतो व कणिशावर फळे धरतात. पावसाळा सरता सरता पान पिवळे पडते आणि वनस्पती पुन्हा कंदात परतते.

या वर्षचक्रात कंद हा वनस्पतीचा शिल्लक साठा ठरतो. पान एकच असल्यामुळे एका पावसाळ्यात किती जमा होणार याला मर्यादा असते. गुरांच्या पायाखाली किंवा अळीच्या तोंडी ते एक पान गेले, तर त्या वर्षाची जमा थांबते. पुढे येणाऱ्या लिंगबदलाचे कारण या हिशेबात आहे.

परागीभवन

वाहक कीटक

ॲरिसिमा प्रजातीचे परागीभवन मुख्यतः बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांकडून होते. ही चिलटे मायसेटोफिलिडी, सायरिडी व त्यांच्या जवळच्या कुलांतील असून काही मिलिमीटर लांबीची, लांब पायांची व अशक्त उड्डाणाची असतात. त्यांच्या माद्या अळिंबी, कुजके लाकूड किंवा ओल्या पातेऱ्यातील बुरशीवर अंडी घालतात आणि अळ्या त्याच बुरशीवर वाढतात. जंगलातील ओलसर सावली हेच त्यांचे घर असते. म्हणजे सापकांदा जेथे फुलतो, तेथेच ही चिलटे उपजतात. नेपाळमधील जातींच्या सापळ्यांत सापडलेल्या चिलटांची तपशीलवार नोंद श्टेफान फोगेल व योखेन मार्टेन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. जपान व उत्तर अमेरिकेतील निरीक्षणांतही हाच कीटकगट प्रामुख्याने आढळला आहे.

आकर्षण

मधमाशी किंवा फुलपाखरू फुलाकडे अन्नासाठी येते. ॲरिसिमाच्या फुलोऱ्यात मात्र मध नसतो. उपांगातून बाहेर पडणारा गंध माणसाला अनेकदा जाणवतही नाही, परंतु चिलटांना तो ओलसर बुरशीची किंवा जोडीदाराची खूण वाटतो, असे मानले जाते. गंधाचे मिश्रण जातीगणिक वेगळे असते. त्यामुळे एकाच जंगलात दोन जाती जवळजवळ फुलल्या, तरी त्यांच्याकडे येणारी चिलटे पुष्कळदा वेगवेगळी असतात आणि जातींची सरमिसळ टळते.

घसरडी नळी

गंधाच्या मागावर आलेले चिलट महाछदाच्या तोंडाशी किंवा उपांगावर उतरते आणि नळीत घसरते. नळीची आतली भिंत मेणासारख्या थराने गुळगुळीत झालेली असते व उपांगही चढण्यास अवघड असते. अरुंद नळीत सरळ वर उडता येत नाही. प्रकाशाच्या दिशेने जाण्याची कीटकांची सवयही येथे त्यांच्या विरोधात जाते: फणा तोंडावर झुकलेला असल्याने खरी वाट अंधारी राहते, तर काही जातींत महाछदावरील फिकट, अर्धपारदर्शक पट्ट्यांतून उजेड झिरपतो आणि चिलट बंद भिंतीवर धडकत राहते. अखेर थकून ते तळाशी, फुलांच्या भोवती वावरू लागते.

नर फुलोऱ्यातील वाट

नर फुलोऱ्यात परागकोश फुटून परागकण खाली नळीच्या तळाशी पडतात. धडपडणारे चिलट त्या पिठासारख्या परागांत माखते. नर फुलोऱ्यात महाछदाच्या कडा तळाशी पूर्णपणे मिटलेल्या नसतात. तेथे एक लहानशी फट राहते. खालून येणाऱ्या उजेडाकडे सरकत चिलट त्या फटीतून बाहेर पडते. परागकण दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचण्यासाठी त्याची सुटका होणे आवश्यक असते. जो कीटक आतच मरेल, त्याच्या अंगावरील पराग वाया जातील.

मादी फुलोऱ्यातील शेवट

सुटलेले चिलट पुन्हा त्याच गंधाला भुलून दुसऱ्या फुलोऱ्यात शिरू शकते. तो फुलोरा मादी असेल, तर आत सारे तसेच असते: तीच घसरडी भिंत, तोच अंधारा माथा. फरक फक्त तळाशी असतो. मादी फुलोऱ्यात महाछदाच्या कडा एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात आणि फट नसते. बाहेर पडण्याची वाट शोधत चिलट पुनःपुन्हा अंडाशयांच्या दाटीतून फिरते व त्याच्या अंगावरचे परागकण कुक्षींना लागतात. मादी फुलोऱ्याचे काम येथे संपते. कीटकाने बाहेर जाण्यात त्याचा काही लाभ नसतो. उलट तो जितका वेळ आत फिरेल तितके अधिक अंडाशय फळण्याची शक्यता वाढते. फुलोरा सुकू लागल्यावर त्याच्या तळाशी मेलेल्या चिलटांचा थर सापडतो, तो यामुळे.

कीटकभक्षी वनस्पतींशी याचा गोंधळ करू नये. दवबिंदू किंवा घटपर्णी या वनस्पती कीटकांचे पचन करून त्यांतून पोषण मिळवतात. ॲरिसिमाचा मादी फुलोरा कीटकाला पचवत नाही. चिलटाचा मृत्यू हा त्याच्या अन्नाचा मार्ग नसून परागीभवनाच्या रचनेचा परिणाम आहे.

असा व्यवहार टिकतो कसा

वाहकालाच मारणारी पद्धत उत्क्रांतीत टिकली कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. यामागे काही कारणे दिसतात. पहिले, चिलटांची संख्या झाडांच्या मानाने फार मोठी असते आणि त्यांचे जीवन फुलांवर नव्हे, तर बुरशीवर अवलंबून असते. फुलोऱ्यांत मरणारी चिलटे हा त्या मोठ्या संख्येतील लहान हिस्सा असतो. दुसरे, बुरशीचा गंध ओळखून त्याकडे जाणे हे चिलटांसाठी जगण्याचे साधन आहे. फसवणूक टाळण्यासाठी त्या गंधाकडे दुर्लक्ष केले, तर अंडी घालण्याची खरी जागाही हुकेल. तिसरे, रानात बहुधा नर झाडे मादी झाडांपेक्षा अधिक असतात, त्यामुळे शिरलेल्या चिलटांपैकी अनेकांना वाट सापडते.

हा व्यवहार सर्वत्र निव्वळ फसवणुकीचाच असतो असेही नाही. जपानमधील ॲरिसिमा थुनबर्गी या जातीवर कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे केलेल्या अभ्यासात एका जातीच्या चिलटांनी फुलोऱ्यात अंडी घातल्याचे व त्यांच्या अळ्या कुजणाऱ्या फुलोऱ्यावर वाढल्याचे आढळले. तेथे सापळा काही प्रमाणात पिलांचा पाळणाही ठरतो. फसवणूक आणि परस्पर-लाभ यांच्यातील सीमारेषा या प्रजातीत ठाम नाही, असे त्यावरून दिसते.

लिंगबदल

प्राण्यांप्रमाणे वनस्पतीचे लिंग जन्मतः ठरते, अशी समजूत असते. ॲरिसिमा प्रजातीतील बहुसंख्य जाती त्याला अपवाद आहेत. लहान कंदाचे झाड फुलत नाही, त्याला केवळ पान येते. कंद मध्यम आकाराचा झाला की झाडाला नर फुलोरा येतो. आणखी काही वर्षे अन्न साठून कंद मोठा झाला की तेच झाड मादी होते. काही जातींत, उदाहरणार्थ ॲरिसिमा टॉर्टुओसममध्ये, लहान झाडे नर असतात, तर मोठ्या झाडांच्या कणिशावर खाली मादी व वर नर अशी दोन्ही प्रकारची फुले येतात.

हा बदल एकाच दिशेने होत नाही. भरपूर फळे धरल्यावर मादी झाडाचा कंद झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा नर होऊ शकते किंवा फुलतच नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन शाफनर यांनी १९२२ मध्ये उत्तर अमेरिकेतील दोन जातींवरील प्रयोगांतून दाखवले की, पोषण वाढवून किंवा घटवून झाडाचे लिंग बदलता येते. चांगली माती व पोषण मिळालेली नर झाडे मादी झाली आणि उपासमार झालेली मादी झाडे नर झाली.

याचे स्पष्टीकरण खर्चाच्या हिशेबात मिळते. परागकण तयार करण्यास अन्न कमी लागते, म्हणून अल्प साठ्याच्या झाडाला नर होणे परवडते. बी व गर असलेली फळे महिनोन्महिने पोसण्यास पुष्कळ अन्न लागते. ते साठा मोठा असलेल्या झाडालाच शक्य होते. आकारानुसार लिंग बदलण्याचा लाभ सांगणारी ही उपपत्ती मायकेल गिसेलिन यांनी १९६९ मध्ये मांडली आणि वनस्पतींतील तिचे उदाहरण म्हणून ॲरिसिमाचा उल्लेख वारंवार होतो.

परागीभवनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, चिलटाला वाट देणारा सापळा आणि वाट न देणारा सापळा हे दोन वेगळ्या झाडांचे कायमचे गुण नाहीत. एकाच झाडाच्या आयुष्यातील त्या दोन अवस्था आहेत. ज्या कंदाने गेल्या पावसाळ्यात तळाशी फट ठेवून चिलटांना बाहेर सोडले, तोच कंद पुरेसा पोसला गेल्यावर पुढे फट नसलेला महाछद तयार करतो.

फळे व बीजप्रसार

परागीभवन यशस्वी झाले की अंडाशयांची रसाळ, गोलसर फळे होतात व कणिश मक्याच्या छोट्या कणसासारखे दिसू लागते. फळे आधी हिरवी असून पिकल्यावर लाल होतात. पावसाळ्याच्या अखेरीस आभासी खोड वाळून आडवे पडते, तेव्हा ही लाल कणसे पातेऱ्यावर उठून दिसतात. या प्रजातीच्या फळांचा प्रसार मुख्यतः पक्ष्यांकडून होतो. काही बिया झाडाजवळच पडून रुजतात. बीपासून फुलण्याइतका कंद तयार होण्यास काही वर्षे लागतात. फळ देण्याइतका मोठा मादी कंद त्यामुळे बऱ्याच पावसाळ्यांची कमाई असते.

इतर सापळा-फुलांशी तुलना

कीटकांना काही काळ अडकवून परागीभवन घडवणारी फुले इतरही आहेत. त्यांच्याशी तुलना केल्यास ॲरिसिमाचे वेगळेपण लक्षात येते.

सह्याद्रीतील कंदीलपुष्प किंवा खर्चुडी (सेरोपेजिया) या वनस्पतींची फुलेही नळीच्या आकाराची असून त्यांत लहान माश्या अडकतात. नळीतील केस आतल्या दिशेने वळलेले असल्याने माशीला आत जाता येते, बाहेर येता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी परागपुंज घेऊन बाहेर पडते. तेथे प्रत्येक फूल द्विलिंगी असल्यामुळे प्रत्येक सापळ्याला आपला कैदी सोडावा लागतो.

युरोपातील एरम मॅक्युलॅटम ही सापकांद्याच्याच कुलातील वनस्पती लहान माश्यांना एक रात्र कोंडून ठेवते. तिच्या एकाच कणिशावर मादी फुले खाली व नर फुले वर असतात. मादी फुले आधी परिपक्व होतात, नंतर नर फुले पराग सोडतात आणि मग अडवणारे केस सुकून माश्या मोकळ्या होतात. सूरण व शेवळ यांचे फुलोरे सडक्या मांसासारख्या दुर्गंधाने भुंगेरे व माश्यांना बोलावतात.

या सर्वांत कैद तात्पुरती असते. ॲरिसिमात नर व मादी फुलोरे वेगळे झाल्यामुळे सुटकेची गरज केवळ नर फुलोऱ्यापुरती उरली. मादी फुलोऱ्याचा सापळा जीवघेणा होण्यामागे लिंगांची ही विभागणी आहे.

रानातील ओळख

फुलोरा न तोडताही तो नर आहे की मादी हे पुष्कळदा सांगता येते. महाछदाच्या नळीच्या अगदी तळाशी, जेथे तिच्या कडा एकमेकींवर येतात, तेथे पाहावे. लहानशी फट असून तिच्याशी पिवळसर-पांढरी धूळ सांडलेली दिसली, तर फुलोरा नर आहे. कडा घट्ट मिटलेल्या असून झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा भरदार असेल, तर तो मादी असण्याची शक्यता अधिक असते. नळी उघडून पाहिल्यास फुलोरा निकामी होतो. मादी झाडे मुळात कमी असल्याने अशा कुतूहलाची किंमत त्या परिसरातील पुढील पिढीला मोजावी लागते.

विषारीपणा

सापकांद्याच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चा कंद, पान किंवा फळ चावल्यास तोंड, जीभ व घशाची तीव्र आग होऊन सूज येते. लाल फळे लहान मुलांना आकर्षक वाटतात, म्हणून विशेष काळजी घ्यावी. शेवळ किंवा सूरण यांच्याशी नाते असले तरी सापकांदा रानभाजी म्हणून वापरू नये. नाव सापाचे असले तरी सर्पदंशावरील उपाय म्हणूनही तो देऊ नये. सर्पदंश झालेल्या व्यक्तीला तत्काळ रुग्णालयात नेऊन प्रतिसर्पविष देणे हाच उपचार आहे.

धोके व संवर्धन

सापकांद्याचे अस्तित्व केवळ त्याच्या कंदावर टिकून नाही. कंद सुरक्षित असला व फुलोरा उमलला, तरी चिलटे नसतील तर फळ धरत नाही. चिलटांना बुरशी लागते. बुरशीला कुजणारा पातेरा, पडलेले लाकूड व ओलसर सावली लागते. या साखळीतील कोणताही दुवा तुटला तर परिणाम लगेच दिसत नाही. जुने कंद पुढची अनेक वर्षे फुलत राहतात आणि जंगल पाहणाऱ्याला सारे ठीक असल्याचे वाटते. मात्र नवी रोपे येणे थांबलेले असते. फुलांची संख्या मोजून वनस्पती सुरक्षित आहे असे म्हणणे त्यामुळे पुरेसे नसते. पावसाळ्याच्या अखेरीस किती कणसांवर फळे धरली हे पाहणे तितकेच आवश्यक असते.

उन्हाळ्यातील वणवे हा या साखळीवरचा थेट आघात आहे. मातीत खोल असलेला कंद बहुधा वणव्यातून वाचतो, पण वरचा पातेरा व त्यातील बुरशी जळून जाते. पातेरा व फांद्या मोठ्या प्रमाणावर गोळा करून नेणे, झाडोरा तोडल्याने सावली कमी होणे, रस्ते व बांधकामांसाठी उतार कापले जाणे, पावसाळी पर्यटनात पायवाटांबाहेर होणारी तुडवणूक आणि छायाचित्रांसाठी फुलोरे खुडणे यांमुळेही अधिवासाची हानी होते. प्रदेशनिष्ठ जातीच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरते, कारण एका ठिकाणी नाहीशी झालेली वनस्पती पुन्हा येण्यासाठी दूरचा दुसरा साठा नसतो.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रातील आहेत. अशा संरक्षित क्षेत्रांबरोबरच गावोगावच्या देवरायांनाही महत्त्व आहे. देवराईत लाकूड व पाला नेण्यावर परंपरेने बंधन असल्याने पातेऱ्याचा थर अनेक पिढ्या अबाधित राहिला आहे. सापकांद्यासारख्या फुलांना आणि त्यांची वाहक असलेल्या चिलटांना एकत्र राखायचे, तर ओल्या पानांचा हा थर जागच्या जागी राहू देणे ही त्याची पहिली अट आहे.